टेप-टॅपमध्ये जाळी ठोकावी, चिकटवावी की नुसती पसरून ठेवावी?

शल्यपथिक यांचा प्रश्न

नमस्कार. पदव्युत्तर शिक्षण संपवून मी गेली दोन वर्षे स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करतो आहे आणि जांघेच्या हर्नियाची दुर्बिणीद्वारे होणारी शस्त्रक्रिया आता बऱ्यापैकी हातात बसली आहे. जाळी पसरण्यापर्यंत माझ्या मनात गोंधळ नसतो. जाळी पसरून झाली की परिचारिका टॅकर, म्हणजे जाळी भिंतीला बारीक खिळ्यांनी (टॅकनी) ठोकण्याचे उपकरण, पुढे करते आणि तिथून माझी चलबिचल सुरू होते.

मी शिकलो तिथे टॅप होत असे, म्हणजे पोटाच्या पोकळीतून शिरून पेरिटोनियमचा, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचा, पडदा उघडून जाळी बसवत, आणि प्रत्येक रुग्णात पाच ते सात टायटॅनियमचे टॅक ठोकले जात. कारण विचारले की 'सरकली तर काय कराल?' असा उलट प्रश्न येई. आता ज्या ज्येष्ठ शल्यविशारदांबरोबर मी काम करतो ते टेप करतात, पोकळीत न शिरता पोटाच्या स्नायूंमागच्या जागेतच सगळे आटोपतात, आणि बहुतेक वेळा एकही टॅक न वापरता जागा फुगवण्यासाठी भरलेला गॅस सोडून मोकळे होतात. दोन्हीकडच्या रुग्णांचा हर्निया सहसा परत येत नाही, त्यामुळे मी अधिकच संभ्रमात पडलो आहे.

गेल्या आठवड्यातला एक प्रसंग सांगतो. पन्नाशीतल्या गृहस्थांचा उजव्या बाजूचा डायरेक्ट हर्निया, म्हणजे भिंतीच्या कमकुवत भागातून थेट पुढे आलेला, होता आणि छिद्र साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास होते. मी टॅप केले, १५ बाय १० सेंटिमीटरची जाळी पसरली, कूपर लिगामेंटवर, म्हणजे जघनास्थीवरच्या घट्ट पट्ट्यावर, दोन आणि मध्यरेषेजवळ रेक्टस स्नायूच्या मागे एक असे तीन टॅक लावले. बाहेरच्या बाजूला चौथा लावण्यासाठी टॅकरचे टोक जाळीच्या कडेवर टेकवले, डावा हात पोटावर बाहेरून ठेवला, आणि टोक हाताला लागेचना. जागा थोडी बदलून पाहिली तरी लागेना. शेवटी मी तो टॅक न लावताच टॅकर बाहेर काढला. रुग्ण दुसऱ्या दिवशी हिंडूफिरू लागला आणि आज त्यांची तक्रार नाही, पण मी घाबरून काम अर्धवट सोडले की योग्य केले, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लहान इनडायरेक्ट हर्नियात, म्हणजे शुक्ररज्जूच्या वाटेने उतरणाऱ्या, काहीच न लावणे खरोखर सुरक्षित आहे का? मोठ्या डायरेक्टमध्ये काय करावे? आणि ठोकायचे नसेल तर फायब्रिनचा किंवा सायनोॲक्रिलेटचा गोंद, विरघळणारे टॅक, स्वतःहून चिकटणारी जाळी यांत निवड कशाच्या आधारे करावी? पुस्तकातले कोष्टक माझ्याकडे आहे, मला अनुभवी हातांचे मत हवे आहे.

जुना टाका यांचे उत्तर

डॉक्टर, तुमचा हात थांबला हे उत्तम झाले. त्याला घाबरणे म्हणू नका.

आधी त्या न लागलेल्या टोकाविषयी. बाहेरच्या बाजूला टॅक लावताना आपण दुसरा हात पोटावर ठेवतो तो निव्वळ आधारासाठी नसतो. टोक हाताला लागते याचा अर्थ टोकासमोर पोटाची भिंत आहे, म्हणजे आपण इलिओप्युबिक ट्रॅक्ट या जांघेतल्या आडव्या तंतुमय पट्ट्याच्या वर आहोत. टोक लागत नाही याचा अर्थ बहुधा असा, की आपण त्या पट्ट्याच्या खाली उतरलो आहोत आणि समोर जांघेमागून मांडीकडे जाणाऱ्या नसा आहेत. वृषणाच्या रक्तवाहिन्यांच्या बाहेरचा हा प्रदेश, ज्याला आपण ट्रायअँगल ऑफ पेन म्हणतो, तिथे मांडीच्या बाहेरच्या अंगाला संवेदना देणारी नस, जेनिटोफेमोरल नसेची मांडीकडची शाखा आणि फेमोरल नस अशा तिन्ही असतात. त्याला लागूनच आत, व्हास (शुक्रवाहिनी) आणि वृषणाच्या वाहिन्या यांच्यामधला ट्रायअँगल ऑफ डूम आहे, आणि त्याच्या तळाशी बाह्य इलिॲक धमनी आणि शीर असते. तिथे टॅक मारण्याचा प्रश्नच येत नाही. स्थूल रुग्णात टोक वर असूनही हाताला लागत नाही, पण संशयाचा फायदा तिथेही नसेलाच द्यायचा आणि टॅक सोडून द्यायचा.

आता मूळ मुद्दा. जाळी जागेवर राहते ती कशामुळे, हे एकदा मनात स्पष्ट झाले की निम्मी चलबिचल मिटते. उघड्या लिक्टेनस्टाइन शस्त्रक्रियेत जाळी स्नायूंच्या पुढच्या बाजूला असते आणि पोटातला दाब तिला भिंतीपासून दूर ढकलतो, म्हणून तिथे तिला धरून ठेवावे लागते. आपण दुर्बिणीतून जाळी ठेवतो ती भिंतीच्या मागे, पेरिटोनियम आणि स्नायू यांच्यामध्ये. रुग्ण खोकला, शिंकला, वाकला की पोटातला दाब त्याच जाळीला भिंतीवर दाबून धरतो. फ्रेंच शल्यविशारद रेने स्टोपा यांनी याच तत्त्वावर उघड्या शस्त्रक्रियेतून पॉलिएस्टरची भलीमोठी जाळी पेरिटोनियमच्या पुढे पसरली आणि ती टाक्यांनी बांधण्याची गरज मानली नाही. त्याआधी, १९५६ मध्ये, आँरी फ्रुशो यांनी जांघेतले सगळे हर्निया एकाच कमकुवत खिडकीतून बाहेर पडतात हे दाखवले होते, आणि ती मायोपेक्टिनिअल खिडकी चहूबाजूंनी भरपूर झाकली की दाबच जाळीचा राखणदार होतो. पहिले काही दिवस फायब्रिन आणि पुढचे काही आठवडे जाळीच्या छिद्रांतून वाढणारे तंतू उरलेले काम करतात. जाळीच्या कडांना धातूच्या क्लिप लावून पुढे क्ष-किरणांवर तिची जागा तपासण्याचे प्रयोगही झाले आहेत, आणि टेपमध्ये न ठोकलेली जाळी लक्षणीय सरकल्याचे त्यांत आढळले नाही.

मग हर्निया परत येतो तो का? माझ्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या ज्या जांघा मी पुन्हा उघडल्या, त्यांत जाळी अख्खीच्या अख्खी दुसरीकडे निघून गेली आहे असे चित्र मी क्वचित पाहिले. पाहिले ते असे: जाळी लहान होती, किंवा खालची आतली कड वर गुंडाळली गेली होती, किंवा इनडायरेक्ट पिशवी शुक्ररज्जूपासून पुरेशी मागे सोडवलेली नव्हती आणि पेरिटोनियम जाळीच्या खालून पुढे सरकले होते. एका रुग्णात सहा टॅक होते, सगळे जाळीच्या वरच्या अर्ध्या भागात, आणि हर्निया खालच्या कडेखालून आला होता. वरच्या अर्ध्यात टॅक मारणे सोपे असते म्हणून ते तिथे मारले गेले होते. दगाफटका नेहमी खालच्या बाजूने होतो, आणि नेमक्या तिथेच बाहेरच्या अंगाला ठोकता येत नाही.

म्हणून माझा सगळा वेळ जागा तयार करण्यात जातो. आतल्या बाजूला जघनास्थींचा सांधा ओलांडून पलीकडे, खाली मूत्राशय आणि कूपर यांच्यामध्ये निदान दोन सेंटिमीटर, बाहेर श्रोणीच्या पुढच्या वरच्या टोकापर्यंत, आणि पेरिटोनियमची कड शुक्ररज्जूवरून इतकी मागे की जाळीची खालची कड टेकल्यावर ती तिच्याही मागे राहावी. रज्जूला लगडलेली चरबीची गाठ असेल तर ती ओढून काढायची, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर रुग्ण 'फुगा तसाच आहे' म्हणून परत येतो. हे सगळे झाले की मग गॅस. मी गॅस स्वतः सोडतो, हळू सोडतो आणि शेवटपर्यंत कॅमेरा आत ठेवून पाहतो. पेरिटोनियम खाली उतरताना जाळीची खालची कड एका पकडीने भिंतीला दाबून धरतो आणि ती वर उचलली जात नाही याची खात्री पटल्यावरच पकड काढतो. ती कड उचलली गेली तर टॅक शोधण्याऐवजी पुन्हा गॅस भरावा आणि पेरिटोनियम आणखी मागे सोडवावे.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली हर्नियासर्ज या हर्नियातज्ज्ञांच्या गटाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेची आहेत. टेपमध्ये जवळपास सर्व प्रकारांत जाळी पक्की करण्याची गरज नाही, मात्र युरोपीय वर्गीकरणातल्या एम-३ म्हणजे तीन सेंटिमीटरहून मोठ्या डायरेक्ट हर्नियात टेप असो वा टॅप, जाळी पक्की करावी, असे ती सांगतात. तुमचा रुग्ण नेमका या गटात होता. तिथे तुम्ही तीन टॅक लावले, तिन्ही सुरक्षित जागी. चौथ्याची गरज नव्हती.

कूपरवर टॅक लावताना एक पथ्य सांगतो. लिगामेंटवर लावावा, जघनास्थीच्या उंचवट्यावर नाही, कारण हाडाच्या आवरणात बसलेला टॅक महिनोन्‌महिने दुखतो. आणि कूपरवर बाहेरच्या बाजूला सरकत जाऊ नये, कारण तिथे ऑब्ट्युरेटर आणि इलिॲक वाहिन्यांना जोडणारी, कोरोना मॉर्टिस नावाची वाहिनी पुष्कळदा आडवी असते. तिचे नाव उगीच तसे पडलेले नाही.

वेदनाचिकित्सक यांचे उत्तर

मी भूलतज्ज्ञ आहे आणि आठवड्यातले दोन दिवस वेदना-बाह्यरुग्ण विभागात बसतो. हर्निया परत आलेला रुग्ण शल्यविशारदाकडे जातो, पण हर्निया बरा होऊन दुखणे राहिलेला रुग्ण माझ्याकडे येतो, त्यामुळे माझी नजर एकांगी असणार हे आधीच मान्य करतो.

जांघेच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियांनंतर, सर्व पद्धती एकत्र धरल्या तर, दैनंदिन व्यवहाराला जाणवेल इतके आणि तीन महिन्यांहून अधिक टिकणारे दुखणे सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांत राहते असे हर्नियासर्जच्या तत्त्वांत नमूद आहे. दुर्बिणीच्या पद्धतीत ते उघड्या पद्धतीपेक्षा कमी असते. हर्निया परत येण्याचे प्रमाण अनुभवी हातांत याहून पुष्कळ कमी आहे. म्हणजे परत येण्याच्या भीतीपोटी टॅक वाढवताना आपण लहान जोखीम टाळण्यासाठी मोठ्या जोखमीला हात घालत असतो, हे लक्षात ठेवावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुखण्याची सुरुवात कधी झाली ही माहिती. जाळीभोवतीची सूज आणि आकुंचन यांचे दुखणे हळूहळू वाढते आणि बोथट असते. नसेत टॅक बसला असेल तर रुग्ण शुद्धीवर येतानाच मांडीवर हात दाबून विव्हळतो आणि दुखणे वीज चमकल्यासारखे, एकाच रेषेत असते. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाला उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत पँटच्या कापडाचा स्पर्शही सोसत नव्हता. खिशातला मोबाइल तो डाव्या खिशात ठेवू लागला होता आणि कुशीवर झोपणे सोडून आठ महिने झाले होते. पहिल्याच रात्री त्याने तक्रार केली होती, पण 'भूल उतरते तेव्हा असे होते, आठवड्यात जाईल' असे सांगून त्याला घरी पाठवले गेले. सुन्नपणाची आणि अतिसंवेदनेची हद्द पेनने त्वचेवर आखली तेव्हा ती मांडीच्या बाहेरच्या नसेच्या क्षेत्राशी तंतोतंत जुळली. पुढे दुर्बिणीतून पाहिले तेव्हा इलिओप्युबिक ट्रॅक्टच्या खाली एक टॅक होता. तो काढल्यावर दुखणे पुष्कळ उतरले, पण पूर्ण गेले नाही, कारण आठ महिने दुखावलेली नस टॅक निघाला म्हणून लगेच पूर्ववत होत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठताच नसेच्या रेषेत तीव्र दुखणे असेल तर वाट न पाहता लवकर आत जाऊन टॅक काढावा, या मताचा मी तेव्हापासून झालो.

विरघळणाऱ्या टॅकविषयी एक गैरसमज फार पसरलेला दिसतो. 'विरघळणारा आहे, म्हणजे नसेला धोका नाही' असे शल्यविशारदांकडूनही मी ऐकले आहे. नसेला इजा होते ती टॅक सुटतो त्या क्षणी. तो पुढे साधारण वर्षभरात विरघळेल, पण वर्षभर नसेत बसलेली वस्तू वर्षभर नसेत बसलेलीच असते. शिवाय बरेच विरघळणारे टॅक धातूच्या टॅकपेक्षा किंचित लांब असतात. त्यांचा फायदा आहे तो कायमचा धातू मागे न राहण्याचा. जागेची पथ्ये दोघांनाही सारखीच लागू आहेत.

वर 'जुना टाका' यांनी सांगितलेल्या हाताच्या खुणेला एक पुरवणी जोडतो. बाहेरून हात फार जोराने दाबू नये. कृश रुग्णात असा दाब दिला की पोटाची भिंत पातळ होते आणि इलिओइंग्वायनल व इलिओहायपोगॅस्ट्रिक या नसा, ज्या एरवी स्नायूंच्या थरांमध्ये टॅकच्या टप्प्याबाहेर असतात, त्या टप्प्यात येऊ शकतात. हात टोक ओळखण्यापुरताच असावा.

दुर्बीणवाला यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण 'न लावणे' हा नवा धर्म होऊ नये म्हणून दुसरी बाजू मांडतो.

टेप शिकल्यावर सुरुवातीच्या काळात मी सरसकट काहीच लावत नव्हतो. त्यातल्या एका रुग्णाचा दोन्ही बाजूंचा डायरेक्ट हर्निया होता, छिद्रे चांगली चार सेंटिमीटरची होती, आणि मी वजनाने हलकी, मऊ जाळी वापरली होती. सहाव्या आठवड्यात ते उजव्या जांघेत फुगा घेऊन आले. पुन्हा पाहिले तेव्हा जाळी जागेवरच होती, पण तिचा मधला भाग छिद्रातून पुढे ढकलला जाऊन तंबूसारखा फुगला होता आणि आतली कड छिद्राच्या काठापर्यंत ओढली गेली होती. दाब जाळीला भिंतीवर दाबतो हे खरे, पण भिंतच नसेल तिथे तो जाळीला छिद्रात ढकलतो. इनडायरेक्ट आणि मोठा डायरेक्ट यांतला खरा फरक हा आहे. हलकी जाळी, मोठे डायरेक्ट छिद्र आणि काहीही न लावणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हर्निया परत येण्याचे प्रमाण वाढते, हे आता अभ्यासांतूनही पुढे आले आहे. माझी चूक न ठोकण्याची होतीच, पण जाळीच्या निवडीची आणि मापाचीही होती. अशा रुग्णात मी आता १७ बाय १२ सेंटिमीटरची, जरा ताठ जाळी घेतो.

त्याआधी आणखी एक काम करतो. डायरेक्ट हर्नियात मागे राहिलेला ट्रान्सव्हर्सालिस फॅसियाचा, म्हणजे स्नायूंमागच्या पातळ पदराचा, सैल फुगा पकडीने आत ओढून उलटा करतो आणि कूपरला एका टॅकने किंवा टाक्याने बांधतो. त्यामुळे छिद्राची पोकळी सपाट होते, जाळीला टेकायला पाठ मिळते आणि तिथे पाणी साचणेही कमी होते. पोकळीत साचलेले पाणी पाहून रुग्णाला हर्निया परत आल्यासारखे वाटते आणि त्याची समजूत घालण्यात आपला बाह्यरुग्ण विभागाचा वेळ जातो, हा वेगळाच ताप.

गोंदाबद्दल प्रश्न होता. मी दोन्ही वापरले आहेत. फायब्रिनचा गोंद म्हणजे फिब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही दोन द्रावणे एकत्र येऊन रक्ताच्या गुठळीचीच शेवटची पायरी जाळीवर घडते. तो शरीरात काही दिवसांत ते आठवड्यांत विरून जातो आणि मुख्य म्हणजे जिथे टॅक निषिद्ध आहे त्या ट्रायअँगल ऑफ पेनवरही त्याचा पातळ थर देता येतो. टॅकच्या तुलनेत त्याने दुखणे कमी होते आणि हर्निया परत येण्याचे प्रमाण वाढत नाही, असे आजवरच्या तुलनात्मक अभ्यासांचे एकूण चित्र आहे. सायनोॲक्रिलेट ओलाव्याच्या स्पर्शाने क्षणात घट्ट होतो, म्हणून तो थेंबाथेंबानेच द्यावा. मी पहिल्यांदा वापरला तेव्हा उत्साहाने रेघ ओढल्यासारखा सोडला आणि जाळीवर काचेसारखा कडक पापुद्रा तयार झाला. त्या पापुद्र्याखालची छिद्रे बंद झाली की तंतूंना आत वाढायला वाट राहत नाही. चार-पाच सुटे थेंब, तेही जाळी पूर्ण सपाट असताना, एवढेच पुरते. चुकीच्या जागी चिकटलेली जाळी सोडवायला गेलात तर खालचा पदरही सोबत येतो.

स्वतःहून चिकटणाऱ्या जाळीचे तसेच. तिच्या एका अंगाला विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे बारीक आकडे असतात आणि ते ऊतींत रुततात. एकदा नीट उलगडली की ती छान बसते. पण टेपच्या अरुंद जागेत ती पकडीलाही चिकटते आणि स्वतःलाही चिकटते. आकडे आत राहतील अशी गुंडाळी करून आत नेण्याची आणि एका कडेपासून सावकाश उलगडण्याची सवय लागेपर्यंत तिच्या नादी न लागणे बरे. साधी जाळी नीट पसरता येत नाही म्हणून ही घ्यावी, असे कोणाच्या मनात असेल तर ते उलटे आहे, कारण हिला पसरणे अधिक अवघड आहे.

शस्त्रक्रियागृह परिचारिका यांचे उत्तर

शल्यविशारदांच्या चर्चेत मध्येच बोलते, क्षमस्व. फायब्रिनचा गोंद वापरणार असाल तर ते जाळी पसरल्यावर सांगू नका, रुग्णाला टेबलावर घेताना सांगा. उत्पादनाप्रमाणे तो गोठवलेला असेल तर वितळवावा लागतो, भुकटी असेल तर विरघळवून कोमट ठेवावी लागते, आणि तोपर्यंत सगळे हात बांधून उभे राहतात. सुईचे टोक एकदा थांबले की तिथेच गुठळी होऊन बंद पडते, म्हणून द्यायला सुरुवात केली की मध्ये थांबू नये. आणि किती टॅक वापरले हे आम्ही मोजून सांगतो तेव्हा ती संख्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत उतरवा. 'टॅकने जाळी पक्की केली' एवढेच लिहिलेले बहुतेक वेळा दिसते.

शल्यपथिक

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. चौथा टॅक का लागला नाही हे कळले आणि तीनवर थांबलो ते बरे झाले हेही. सिस्टर, आपली सूचना मला थेट लागू आहे, कारण गेल्या आठवड्यातल्या नोंदीत मीही नेमके तेच वाक्य लिहिले होते. आज ते दुरुस्त केले.

दोन शंका उरल्या. टॅपमध्ये जाळी न ठोकण्याचे ठरवले तरी शेवटी पेरिटोनियमचा पडदा बंद करावाच लागतो, आणि तो मी आजवर टॅकनेच बंद करत आलो आहे. त्यात काही गैर आहे का? दुसरे म्हणजे, टायटॅनियमचे टॅक असलेले रुग्ण 'पुढे एमआरआय करता येईल ना' असे विचारतात, त्यांना काय सांगावे?

जुना टाका

एमआरआयचे उत्तर लहान आहे. टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही, त्यामुळे या टॅकसाठी तपासणी अडत नाही. फक्त तपासणीआधी रुग्णाने तसे सांगावे, म्हणजे यंत्रावरचे लोक त्या उत्पादनाच्या अटी पाहून घेतील. टॅकच्या लगतचा थोडा भाग चित्रात काळपट दिसतो, एवढेच.

पडद्याचा प्रश्न मात्र तुम्ही फार नेमका विचारला आहे. नसेच्या भीतीने जाळीला एकही टॅक न लावणारा आणि नंतर पडदा बंद करताना एकामागून एक सात-आठ टॅक सोडणारा शल्यविशारद मी पाहिला आहे. टॅकला तो जाळी धरतो आहे की पेरिटोनियम, याच्याशी काय देणेघेणे? पडद्याची बाहेरची कड बहुधा वर, सुरक्षित बाजूलाच असते हे मान्य, पण घाईत ओढलेला पडदा खाली येतो आणि त्यासोबत टॅकही खाली येतो. पोटाच्या भिंतीतल्या इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्याही त्याच वाटेत आहेत आणि त्यांतून एकदा रक्त आले की ते थांबवण्यात दुर्बिणीचा अर्धा तास जातो.

मी पडदा सलग टाक्याने शिवतो. काटेरी, गाठ न लागणारा विरघळणारा धागा मिळत असेल तर काम सोपे होते. मात्र त्याचे शेपूट मोकळे सोडू नये, ते आखूड कापून पडद्याआड जाईल असे पाहावे, कारण आतड्याला तेच अडकू शकते. शिवण्यापूर्वी गॅसचा दाब आठ-दहा मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरवा, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा ओढाताण न होता जवळ येतील. आणि दोन टाक्यांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवू नका. फटीतून आतड्याचा वेढा शिरून अडकल्याचे रुग्ण होतात, आणि ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या घेऊन येतात, जेव्हा हर्नियाची शस्त्रक्रिया सुरळीत झाली म्हणून आपण निर्धास्त असतो. आधी हाताला वेळ लागेल. मला पहिल्या काही शस्त्रक्रियांत पडदा शिवायला जाळी बसवण्याहून अधिक वेळ लागला होता, आणि भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत असत.

वेदनाचिकित्सक

पाहत असू, पण बोललो कधीच नाही. शिवायला लागलेली ती पंधरा मिनिटे मला चालतात.